फुफ्फुसातील ‘बुरशी’ : एका संज्ञेचा विचार

पिकांवरील कवकरोगांना खानदेशच्या शेतकऱ्याजवळ स्वतंत्र नावे आहेत. रावेर-यावलच्या केळीवर करपा पडतो, ज्वारीच्या कणसात काणी येते, गव्हावर तांबेरा दिसतो, तुरीला मर लागते. बाजरीच्या कणसात दाण्यांऐवजी हिरव्या पात्यांचा झुपका आला की त्यास गोसावी म्हणतात. (या शेवटच्या रोगाचा कारक आजच्या काटेकोर वर्गीकरणात कवकांत मोडत नाही, नाव ठेवणाऱ्याची दृष्टी जटेसारख्या झुपक्यावर होती असे दिसते.) रोगाने पिकाचे काय केले हे ही नावे सांगतात. परंतु हाच शेतकरी खोकणाऱ्या मुलास घेऊन जळगाव किंवा धुळे येथील रुग्णालयात गेला, तर तेथे मराठीत त्याच्या वाट्यास सामान्यतः एकच शब्द येतो : बुरशी.

या शब्दाचे मूळ क्षेत्र स्वयंपाकघर व अडगळीची खोली हे होय. लोणच्यास, शिळ्या भाकरीस, पावसाळ्यात कोपऱ्यात पडलेल्या वहाणेस बुरशी येते. बुरसणे, बुरसट, बुरसटलेला या त्याच्या सोयऱ्यांतही कुजकेपणाची व हेळसांडीची छटा आहे. जिवंत देहाविषयी तो योजला की देह नासत चालला आहे, आणि घरच्यांनी तो नासू दिला, असा ध्वनी उमटतो. त्यात 2021 ची भर पडली. त्या वर्षी म्युकरमायकोसिस हा आजार ‘काळी बुरशी’ या नावाने घरोघरी पोचला. वस्तुतः काळेपणा त्या कवकाचा नव्हे. रक्तपुरवठा तुटून मेलेल्या ऊतींचा तो रंग. शब्द सोपा होता, अर्थ चुकीचा होता, आणि भीती मात्र टिकून राहिली.

सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक विकारात या एकशब्दीपणाची किंमत विशेष जाणवते. या विकारात श्वासमार्गातील श्लेष्मा घट्ट होतो व आत आलेले कण बाहेर टाकले जात नाहीत. ॲस्परजिलस फ्युमिगेटस या कवकाचे दोन-तीन मायक्रॉनचे बीजाणू ओल्या कडब्यातून, उकिरड्यातून, साठवणीच्या धान्यातून हवेत येतात. निरोगी माणूसही ते रोज श्वासावाटे घेतो. या मुलांच्या श्वासनलिकांत ते टिकतात. पुढे जे घडते ते एकविध नसते. कधी कवक श्लेष्मात नुसते राहते. कधी शरीर त्याविरुद्ध अतिरिक्त प्रतिक्रिया करते. 1952 मध्ये इंग्लंडमध्ये दम्याच्या रुग्णांत वर्णिलेला हा ॲलर्जीचा प्रकार सिस्टिक फायब्रोसिसमध्येही आढळतो. कधी ते ऊतींतच शिरते. या विकारात हे विरळ असून मुख्यतः फुफ्फुसारोपणानंतर घडते.

तिन्ही अवस्थांना ‘फुफ्फुसात बुरशी झाली’ हे एकच वाक्य लागू पडते. उपचार मात्र परस्परविरुद्ध आहेत. ॲलर्जीच्या प्रकारात स्टेरॉइड हे मुख्य औषध, जोडीला कवकनाशक. शिरकाव झाला असता तेच स्टेरॉइड कवकास वाव देते. स्टेरॉइडमुळे काळी बुरशी होते, हे 2021 मध्ये ऐकलेल्या बापास ‘बुरशी आहे, स्टेरॉइड द्या’ हे वाक्य विसंगत वाटले व त्याने गोळी परस्पर बंद केली, तर दोष केवळ त्याच्या अज्ञानाचा मानता येणार नाही.

मराठी विश्वकोशाने स्वीकारलेला ‘कवक’ हा शब्द वनस्पतिशास्त्रात निर्दोष आहे. वरील विवेचनातही त्याचाच आश्रय घ्यावा लागला. तथापि ‘फुफ्फुसीय कवकसंसर्ग’ ही जोडणी रुग्णासाठी निरुपयोगीच नव्हे, तर घातक आहे. मराठी कानास ‘संसर्ग’ म्हणजे एकाकडून दुसऱ्यास लागणारे. क्षयाच्या धाकाने ताट-वाटी वेगळी काढणाऱ्या घरात या शब्दाने काय होईल ते सांगावयास नको. आणि हे कवक तर सामान्यतः माणसाकडून माणसास लागत नाही. ॲलर्जीच्या प्रकारास संसर्ग म्हणणे तर शास्त्रदृष्ट्याही सैल आहे.

मूळ आजाराच्या नावाचीही तीच कथा. डोरोथी अँडरसन यांनी 1938 मध्ये मृत बालकांच्या स्वादुपिंडात पाहिलेल्या पुटी व तंतू या नावात आहेत. घट्ट कफ आणि खारट घाम, म्हणजे आईच्या लक्षात येण्याजोग्या दोन्ही गोष्टी, त्यात नाहीत. ‘पुटीय तंतुमयता’ असे शब्दशः भाषांतर केल्यास मूळची अपुरी खूण संस्कृतात बंदिस्त होईल, इतकेच. येथे परकी संज्ञाच ठेवणे बरे.

कवकाच्या बाबतीत मात्र बोलीभाषा शास्त्राच्या पुढे आहे. नामाऐवजी संबंध सांगणारे शब्द तिच्याजवळ तयार आहेत : बुरशीची वस्ती, बुरशीचे वावडे, बुरशीचा शिरकाव. यांतील ‘वावडे’ हा सर्वांत समर्पक व सर्वांत अडचणीचाही. वांग्याचे, माशांचे वावडे असते तसे शरीरास न मानवणे त्यात नेमके येते. परंतु वावडे असलेली वस्तू ताटातून काढून ठेवता येते, श्वासातून बीजाणू काढून ठेवता येत नाही. ‘ॲलर्जी’ हा शब्द आता खेड्यांतही रुळला आहे, आणि ‘बुरशीची ॲलर्जी’ म्हटल्याने ही अडचण पुरती सुटत नसली तरी स्टेरॉइडची गोळी कशासाठी, एवढे तरी बापास कळते.