पोकळी, जखम आणि अटकेपार

गेल्या पावसाळ्यात कोळारच्या एक वृद्ध सभासद निवर्तल्या. त्यांच्यावर चार ओळींचे टिपण लिहिण्याचे काम आमच्याकडे आले. आम्ही काय केले हे सांगावयास संकोच वाटतो. पण ते सांगितल्यावाचून पुढे कोणाला बोल लावण्याचा अधिकार आम्हांस पोहोचत नाही. आम्ही मागचा एक अंक काढला, त्यातील श्रद्धांजली उतरून घेतली आणि नाव तेवढे बदलले. 'दुःखद निधन', 'प्रेमळ व मनमिळाऊ स्वभाव', 'कधीही न भरून येणारी पोकळी', सारे जागच्या जागी होते. बाईंच्या चिरंजीवांनी कागद वाचला, घडी घातली आणि नम्रपणे म्हणाले, "काका, चांगलं लिहिलंत. पण यात आमची आई कुठं दिसंना."

ते खरेच होते. त्या बाई घरचा हिशेब अखेरपर्यंत मोडीत लिहीत. दूधवाल्याशी कानडी, कापडवाल्याशी दखनी आणि देवाशी मराठी बोलत; रागावल्या म्हणजे तिन्ही भाषा एकाच वाक्यात येत. यातले काहीच आमच्या टिपणात नव्हते. मागील काही वर्षांचे अंक चाळले तेव्हा ध्यानात आले, की आमच्या मंडळाच्या पानांवर न भरून येणाऱ्या पोकळ्या इतक्या झाल्या आहेत की त्यांत उभे राहावयास जागा उरू नये. या घासून गुळगुळीत झालेल्या शब्दांचा थोडा विचार करावा, असे तेव्हाच मनात आले.

यातले काही त्रास अगदी किरकोळ आहेत आणि ते सोसावे हेच बरे. 'थोडक्यात आटोपतो' म्हणणारा वक्ता पाऊण तास उभा असतो, हे आता सर्वांना पाठ आहे. दर वर्षीचे स्नेहसंमेलन 'न भूतो न भविष्यति' होते. पूर्वी झाले नाही आणि पुढे होणार नाही असे संमेलन दर वर्षी कसे होते, हे कोणी विचारीत नाही. पाहुणे 'मोलाचे मार्गदर्शन' करतात, पण मार्ग कोणता हे वृत्तांतात कधी येत नाही. लग्नपत्रिकेतले, वाढदिवसाच्या फलकावरचे शब्दही याच जातीचे. असो.

कचेरीतला त्रास मात्र याहून जुना आहे. १९९० च्या दशकात कर्नाटकात एक भुताची वदंता पसरली होती, ती पुष्कळांना आठवत असेल. रात्री दार ठोठावणारी बाई घरातल्याच माणसाच्या आवाजात हाक मारते. म्हणून लोक दारावर 'नाळे बा', म्हणजे 'उद्या ये', असे लिहून ठेवीत. भूत ते वाचून परत जाई, दुसऱ्या रात्री पुन्हा येई, पुन्हा तेच वाची. सातबारा किंवा पहाणीच्या उताऱ्यासाठी खेटे घातलेल्या कोणालाही या कथेचे नवल वाटणार नाही. आपल्या भागात निजामी अमदानीत 'कल आओ' होते, पुढे 'नाळे बन्नी' आले, आता 'सर्व्हर डाऊन आहे' असे ऐकू येते. राज्य बदलले, लिपी बदलली, यंत्र बदलले. वाक्याचे काम तेच राहिले. कारकुनाला खोटे बोलावे लागत नाही आणि काहीही न करता समोरचा माणूस परत जातो. गुळगुळीत शब्दप्रयोगाची खरी उपयुक्तता अशीच आहे. तो वापरणाऱ्याला विचारापासून वाचवितो.

याचा अर्थ ठरीव शब्द सगळेच टाकाऊ, असे आम्ही म्हणत नाही. जॉर्ज ऑर्वेलने १९४६ साली राजकारण आणि इंग्रजी भाषा यांवर लिहिलेला निबंध प्रसिद्ध आहे. छापून छापून परिचित झालेली उपमा वापरूच नये, असा त्याचा दंडक. तो लेखकाला योग्य आहे. ओसरीवर बसलेल्या माणसाला नाही. आपण निघताना 'जातो' न म्हणता 'येतो' म्हणतो, हे लाखो वेळा म्हटले गेले आहे, तरी त्यातला अर्थ सरलेला नाही. मयताच्या घरी 'आम्ही आहोत की' एवढेच म्हणून बसून राहणारा शेजारी नवे काही बोलत नाही, आणि त्याने बोलूही नये. तेथे शब्दामागे माणूस बसलेला असतो. छापील पानावर तो नसतो. तेथे शब्दालाच माणसाचे काम करावे लागते.

मराठीत या दोषावरचा सर्वांत परिणामकारक इलाज टीकेने नव्हे, विडंबनाने केला. १९२५ साली प्र. के. अत्र्यांनी 'केशवकुमार' या नावाने 'झेंडूची फुले' प्रसिद्ध केली आणि तत्कालीन कवींच्या, विशेषतः रविकिरण मंडळाच्या, लकबी हास्यास्पद करून टाकल्या. त्याच मंडळातले माधव जूलियन पुढे, १९३८ साली, 'भाषाशुद्धि-विवेक' लिहून परकीय शब्दांविरुद्ध उभे राहिले. शब्द फारसी की संस्कृत, हा वाद तेव्हा मोठा होता. आमच्या मते आपल्या भागाला तो कधीच फारसा लागू पडला नाही. ज्यांच्या जमिनीची कागदपत्रे उर्दूत, शेजार कानडी आणि पोथी मराठी, त्यांनी शब्दाची जात काय विचारावी? शब्द आयता आहे की कमावलेला, हा प्रश्न आमचा अधिक जवळचा आहे.

आता मुख्य विषयाकडे येतो. आपल्याविषयी, म्हणजे बीदर-कलबुर्गीकडील मराठी घराण्यांविषयी, पलीकडून येणारे पाहुणे आणि त्यांच्या मागोमाग आपणही, दोन शब्दप्रयोग हमखास वापरतो. पहिला 'अटकेपार'. १७५८ साली मराठी फौजा अटकेपर्यंत पोहोचल्या, ही घटना मोठीच. पण आपले पूर्वज बीदरला झेंडा घेऊन आले नव्हते. कोणी वतनावर आले, कोणी कुलकर्ण, कोणी दुकान सांभाळावयास. पुष्कळ घराणी तर येथलीच. १ नोव्हेंबर १९५६ रोजी जुना बीदर जिल्हा फुटला. उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात गेले. बीदर, भालकी, हुमनाबाद म्हैसूरकडे आले. जहिराबाद, नारायणखेड आंध्रात गेले. उदगीरला दिलेली बहीण एका रात्रीत परराज्यातली झाली. जे घर जागचे हललेच नाही, त्याने कोणती अटक ओलांडली?

दुसरा प्रयोग 'सीमाभागाची भळभळती जखम'. तो ऐकताना सभागृहात गंभीर शांतता पसरते, म्हणून वक्त्यांना तो प्रिय आहे. पण ही उपमा कोणाची, हे क्षणभर पाहावे. भळभळती जखम अश्वत्थाम्याची. झोपलेल्या द्रौपदीपुत्रांना रात्री मारल्याबद्दल त्याच्या मस्तकावरचा मणी काढून घेण्यात आला, आणि तेव्हापासून तो तेल मागत हिंडतो अशी लोकसमजूत आहे. म्हणजे सहानुभूतीने बोलणारा वक्ता नकळत आपणांस अपराध्याच्या जागी उभे करतो आणि वर भिकारीही ठरवितो. त्याच्या मनात तसे मुळीच नसते. मनात काहीच नसते, हीच तक्रार आहे.

तक्रारीची दुसरी बाजू आपल्याकडे येते. जखम म्हटली की सहन करणे एवढेच काम उरते. १९५६ च्या निर्णयाने दुखावलेली पिढी खरी होती आणि तिचे दुःखही खरे होते. त्याची थट्टा आम्ही करणार नाही. मात्र आज आपल्या घरातली मुले कानडी वा इंग्रजी माध्यमात शिकतात, आजीशी मराठी बोलतात आणि आजीचे पत्र त्यांना वाचता येत नाही. हे दुःख वेगळे आहे, नवे आहे, आणि त्याला अजून शब्द नाही. त्या रिकाम्या जागेवर आपण जुना शब्द ठेवून मोकळे होतो. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीस अभिजात भाषेचा दर्जा दिला, त्यानंतर 'अभिजात' हा आणखी एक आयता शब्द हाती आला आहे. 'आपली अभिजात माय मराठी' म्हणून भाषण संपविणाऱ्या आमच्याच एका स्नेह्यांना नातवासाठी बाराखडीचे पुस्तक घेतले का, असे विचारले, ते हसले. आम्हीही हसलो, कारण आम्हीही घेतले नव्हते.

ज्या भूमीत आपण राहतो, तिथे या प्रश्नाचे एक उत्तर आठशे वर्षांपूर्वी देऊन झाले आहे. बाराव्या शतकात कल्याणात, आजच्या बसवकल्याणात, शरणांनी पंडिती थाट सोडून रोजच्या बोलीत वचने रचली. त्यांत चांभार, नावाडी, दोर वळणारा, सारे आपापल्या धंद्याच्या शब्दांनी बोलले. पुढल्याच शतकात म्हाइंभटांनी चक्रधरांच्या आठवणी गोळा करून 'लीळाचरित्र' सिद्ध केले. त्यातील गद्य लहान लहान वाक्यांचे आहे. कोण कोठे बसले होते, काय खाल्ले, कोणी काय विचारले, हे त्यात असते; श्रद्धा मोठी असूनही मोठे शब्द फारसे नसतात. एका गेलेल्या माणसाविषयी कसे लिहावे याचा आमच्या पाहण्यात तरी याहून चांगला नमुना नाही, आणि आम्ही मात्र मागच्या अंकातून उतारा करीत होतो.

ते टिपण आम्ही पुन्हा लिहिले. मोडी, तीन भाषा आणि रागावणे घातले, पोकळी काढली. ते निम्म्याने लहान झाले. मंडळातील एका ज्येष्ठांना ते आवडले नाही. 'निधनाच्या बातमीत रागावणे शोभत नाही' असे त्यांचे मत पडले आणि त्यांच्या म्हणण्यातही तथ्य असेल. चिरंजीवांनी मात्र या वेळी कागद परत न देता खिशात ठेवला.

सभासदांस एक विनंती. यापुढे घरातील कोणाविषयी मजकूर पाठविताना स्वभावाची विशेषणे न पाठविता, त्या व्यक्तीच्या हातचे एखादे काम, नेहमीचा एखादा शब्द, बसण्याची जागा, असे काही कळवावे. अक्षर कसेही चालेल. मोडीत असल्यास वाचून घेऊ.