‘वाट’ : उसनी की वडिलार्जित?

गुजरातेत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी घरांच्या बोलीवर एक शेरा सहज मारला जातो : ‘यांची मराठी गुजरातीने भ्रष्ट झाली.’ दोन भाषांत साम्य दिसले की ते उसनवारीचे लक्षण मानायचे, ही या शेऱ्यामागील परीक्षा. ती किती उथळ आहे, हे ‘वाट’ या एका शब्दावरून ध्यानात येते.

आपण ‘वाट पाहणे’ म्हणतो, गुजराती ‘वाट जोवी’ म्हणतात. येथे कोणी कोणाकडून काही घेतलेले नाही. संस्कृत ‘वर्त्मन्’, प्राकृत ‘वट्ट’, पुढे जोडाक्षर सुटून आधीचा स्वर दीर्घ होऊन ‘वाट’. ‘सप्त–सत्त–सात’ याच चालीने. सिंधी, काश्मिरी व बंगालीतही या शब्दाची भावंडे आहेत. नेपाळीत रस्ता म्हणजे ‘बाटो’ आणि वाट पाहणे म्हणजे ‘बाटो हेर्नु’. क्रियापदे निरनिराळी, कल्पना एकच. मुळातील ‘वृत्’ धातूचा अर्थ वळणे, फिरणे. लॅटिन ‘वेर्तेरे’ आणि जर्मन ‘वेर्डेन’ हे त्याचे दूरचे सोयरे. ‘वर्तते’वरून आलेले आपले ‘वाटते’ही याच कुळातले.

कृ. पां. कुलकर्णी यांच्या ‘मराठी व्युत्पत्ति कोशा’ने (१९४६) आणि राल्फ टर्नर यांच्या भारतीय आर्य भाषांच्या तौलनिक कोशाने (१९६२–६६) शब्दांची कुळे लावून दिली, हे त्यांचे मोठे ऋण. परंतु असे कोश शब्दागणिक चालतात. वाक्प्रचाराचा प्रवास वाचकाला स्वतःच जुळवून घ्यावा लागतो. तो जुळवला की खरी उसनवारी कोठे आहे तेही कळते. गुजरातीत ‘राह जोवी’ही रूढ आहे, हिंदीत ‘राह देखना’. ‘राह’ फारसी, म्हणजे कल्पना जुनी राहिली आणि शब्द पालटला. मराठीने मात्र येथे ‘वाट’च राखली.

मुंबई–अहमदाबाद महामार्गाला सुरत–धुळे मार्ग जेथे छेदतो, त्या कडोदऱ्याच्या ‘चार रस्ता’मधील ‘रस्ता’ही फारसीच. मराठीनेही तो आपलासा केला आहे. रस्ता आपण बांधतो, ओलांडतो. पाहतो ती वाटच. उसना शब्द घरात आला म्हणून जुन्याचे आसन गेले नाही.

यास्तव नातवंडाच्या तोंडचा शब्द ‘गुजराती’ म्हणून खोडण्यापूर्वी त्याचे कूळ पाहावे. तो शब्द वडिलार्जित निघण्याचा संभव पुष्कळ आहे. वारंवार खोडले गेलेले मूल शब्द सुधारत नाही; ते घरात मराठी बोलणेच सोडते, आणि ती हानी कोणत्याही उसनवारीहून मोठी आहे.