पुणें जिल्ह्याचें संकेतस्थळ : नव्या प्रतीचें परीक्षण

पुणें जिल्हा प्रशासनाचें संकेतस्थळ सांप्रत राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्रानें सिद्ध केलेल्या ‘एस-थ्री-वास’ नामक सामायिक चौकटीवर उभें आहे. देशांतील इतर अनेक जिल्ह्यांचीं स्थळें ह्याच सांच्यांतून निघालीं आहेत. जाहीर सूचना, निविदा व याद्या आतां येथें प्रसिद्ध होतात. म्हणजे उद्यांच्या संशोधकाचें दप्तर तें हेंच. म्हणून अशा स्थळाची पुनर्रचना ही जुन्या पोथीची नवी प्रत होय, आणि नकलकारास लागू असलेले नियमच तिला लावले पाहिजेत.

प्रथम गुण सांगूं. पूर्वी संगणकावरील मराठी मजकूर बहुधा विशिष्ट टंकाशीं जखडलेला असे. तो टंक जवळ नसला म्हणजे अक्षरें निरर्थक दिसत व शब्द शोधूनहि सांपडत नसे. युनिकोडमुळें ही अडचण दूर झाली. मराठी व इंग्रजी पानें एकाच रचनेंत मिळतात, आणि वाचनयंत्राच्या साह्यानें अंधांसहि मजकूर ऐकतां येतो. हा लाभ लहान नव्हे.

दोष मात्र आमच्या दृष्टीनें गंभीर आहेत. ह्या चौकटींत चढविलेल्या कागदाचें मूळ नांव जाऊन त्या जागीं चढविल्याचें वर्ष, महिना व कांहीं आंकडे येतात. पानाच्या तळाशीं अद्यतनाची जी तारीख दिसते, ती सबंध स्थळाची. त्या लेखाची नव्हे. गो. स. सरदेसाई यांनीं १९३० ते १९३४ या काळांत पेशवे दप्तरांतील निवडक कागदांचे ४५ खंड संपादिले. त्यांतील पत्राची तारीख निराळी व छपाईचें वर्ष निराळें, हें कोणास सांगावें लागत नाहीं. येथें मात्र तोच भेद पुसट होतो.

दुसरी गोष्ट जुन्या पत्त्यांची. चौकट बदलली कीं पानांचे पत्ते बदलतात, आणि ग्रंथांतून दिलेले जुने आधार निराधार होतात. वास्तविक ‘३०१’ या संकेतांकानें जुन्या पत्त्यावर आलेल्या वाचकास नव्या पानाकडे कायमचें वळवितां येतें. तें न केल्यास पुण्याच्या कागदासाठीं १९९६ सालीं अमेरिकेंत स्थापन झालेल्या ‘इंटरनेट अर्काइव्ह’चें दार ठोठवावें लागतें, व तेथेंहि तो मिळेलच अशी खात्री नाहीं.

नियमांचा अभाव आहे असें नाहीं. सरकारी संकेतस्थळांविषयींचीं मार्गदर्शक तत्त्वें २००९ सालीं निघालीं, २०१८ व २०२३ सालीं सुधारलीं; जुन्या मजकुराच्या जतनाचें धोरण ठरवावें, असें त्यांत सांगितलें आहे. केंद्राच्या १९९३ च्या सार्वजनिक अभिलेख कायद्यानेंहि संगणकनिर्मित सामग्री अभिलेखांत धरली आहे.

तेव्हां पुढील पुनर्रचनेपूर्वीं तीन गोष्टी व्हाव्या : जुन्या-नव्या पत्त्यांची तुलनात्मक यादी करावी, प्रत्येक कागदावर त्याची स्वतःची तारीख व मूळ नांव नोंदावें, आणि जुनी प्रत जशीच्या तशी राखून ठेवावी. नवी प्रत सुवाच्य झाली म्हणून मूळ पोथी कोणी नदींत सोडीत नाहीं.