खुरप्याची नजर

देवळाली प्रवरात बंगल्यापुढे हिरवळ लावणं हा थोडा उफराटा उद्योग आहे. चहूबाजूंनी ऊस, कांदा, गहू. त्या रानांतून जी हरळी पिढ्यान्‌पिढ्या खणून बांधावर फेकली, तिच्याच कुळातलं बारीक पानांचं वाण नर्सरीत ‘सिलेक्शन वन’ या नावानं मिळतं आणि आपण पैसे मोजून ते अंगणात अंथरतो. रानात हरळी काढायला जे हत्यार लागतं, तेच अंगणात तिला राखायला लागतं. ते म्हणजे खुरपं. बागेच्या हत्यारांत सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कमी निरखलं गेलेलं. ते नीट निरखलं, तर बाकीची हत्यारं कशी पारखायची हेही उमगतं.

आधी त्याची मान पाहावी. मुठीतून निघालेलं लोखंड सरळ जात नाही, वाकतं. मग पातं रुंदावत पुढे येतं. या बाकामुळे पातं जमिनीलगत आडवं राहतं आणि मूठ वर राहते, म्हणून बोटांची पेरं ढेकळांवर सोलवटत नाहीत. आता धार पाहावी. जाणता लोहार ती वरच्या अंगानंच उतरवतो, खालचं अंग सपाट ठेवतो. त्यामुळे पातं मातीखाली समतल सरकतं. दोन्ही अंगांनी घासलेलं पातं एक तर खोल रुततं, नाही तर वर उसळतं. दुकानात शेजारीच टांगलेली ट्रॉवेल माती उचलायला चांगली, रोप लावायलाही चांगली. पण तिला ढकलावं लागतं. खुरपं आपल्याकडे ओढायचं असतं. मातीखाली, डोळ्यांना दिसत नाही तिथे काम चालतं आणि त्याची खबर मनगटाला मिळते: मूळ तुटलं तर एक बारीक ‘कच्’, चुनखडीचा खडा लागला तर करकर.

पण खुरप्याचा खरा गुण धारेत नाही, ते माणसाला खाली बसवतं यात आहे. उभ्यानं पाहिलं तर हिरवळ म्हणजे एकच हिरवा पट्टा. उकिडवं बसलं की त्या पट्ट्यातली झाडं सुटी दिसू लागतात. हरळीचा धावरा जमिनीवरून सरपटतो आणि पेरापेराला मूळ धरतो. त्यातच एखादा ताठ, चकचकीत तुरा दिसतो. त्याचा दांडा चिमटीत फिरवला की तीन कडा लागतात. तो लव्हाळा. वरून उपटला तर पाती हातात येते, खालची गाठ तशीच राहते आणि थोड्याच दिवसांत नवा तुरा वर काढते. या गाठी जमिनीखाली माळेनं जोडलेल्या असतात. खुरप्याचं टोक तिरपं घालून माती सैल करावी, गाठ हाती लागेपर्यंत ओढू नये. गाजर गवताचं काम त्या मानानं सोपं. १९५५ च्या सुमारास पुण्यात पहिल्यांदा नोंदलं गेलेलं हे तण आज प्रत्येक कुंपणाशी आहे. फुलायच्या आधी, हातमोजे घालून, मुळासकट काढलं की संपलं. फुलू दिलं तर एकेक झाड हजारो बिया टाकतं.

हुमणीही बसल्यावरच सापडते. हिरवळीत मधेच पिवळा डाग पडतो, माणूस पाणी वाढवतो, डाग वाढतच जातो. तिथलं गवत हातानं ओढलं आणि चटईचा तुकडा उचलावा तसं सुटून आलं, तर मुळं खाल्ली गेली आहेत असं समजावं. खुरप्यानं दोन-तीन इंच माती परतली की अर्धचंद्रासारखी वळलेली पांढरी अळी दिसते. ऊसवाल्यांना तिची ओळख करून द्यायला नको. वळवाचा किंवा मृगाचा पाऊस पडला की संध्याकाळी तिचे भुंगेरे कडुलिंबावर, बाभळीवर जमतात. तेव्हा फांद्या हलवून ते गोळा करणं हा सामुदायिक उपाय. अंगणापुरतं पथ्य एवढंच, की अर्धकच्चं शेणखत हिरवळीवर पसरायचं नाही. त्यातून अळ्या आपणच घरी आणतो.

आता सांधा. हत्यार मोडतं ते बहुधा पात्यात नाही, पातं आणि मूठ जिथे भेटतात तिथे. पात्याचं शेपूट मुठीतून आरपार जाऊन मागे दुमडलेलं असावं, मुठीच्या तोंडाशी लोखंडी कडं घट्ट बसलेलं असावं. शेपूट बोटभरच आत असेल, तर पहिल्याच वाळल्या ढेकळाला मूठ फिरू लागते. रंगाचा जाड थर दिसला तर तो वेल्डिंगवर चढवलेला आहे का, ते पाहावं. पत्र्यातून छापलेलं पातं अंगठ्यानं दाबलं की लवतं. ते कुंडीला पुरेल, काळ्या मातीला नाही. ट्रकच्या जुन्या पाट्यातून घडवलेलं खुरपं वेगळंच. त्या पोलादात कार्बन साध्या लोखंडापेक्षा बराच जास्त असतो, म्हणून पाणी दिल्यावर ते कडक होतं आणि धार धरतं. असं खुरपं दगडावर हलकेच टेकवलं की खणखणतं. सांधा ढिला असला की बद्द वाजतं. स्टेनलेसचं पातं गंजत नाही हे खरं, पण स्वस्त स्टेनलेस लवकर बोथटतं. या पारखीत सगळ्यात तयार हात खुरपणीला जाणाऱ्या बायकांचे. दिवसभर जे हातात राहायचं, त्याचं वजन त्या आधी बघतात, रंग नंतर. पातं बोथटलं की लोहाराकडे किंवा रस्त्याकडेला उतरलेल्या घिसाड्यांकडे ते शेवटून घेतात. नवं विकत घेत नाहीत.

हीच पारख बाकी हत्यारांना लावता येते, पण आधी माती ओळखावी लागते. इथली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. १९२६ साली भंडारदरा धरण पुरं झालं, प्रवरेचे कालवे बारमाही झाले आणि अवर्षणाच्या या पट्ट्यात ऊस उभा राहिला. त्याच पाण्याच्या अतिरेकानं काही जमिनी क्षारपड झाल्या. अंगणातही तेच घडतं. रोज थोडं थोडं पाणी मारलं की मुळं वरच राहतात, लव्हाळा माजतो आणि वाळल्यावर मातीवर पांढरट थर दिसतो. दोन पाण्यांत अंतर ठेवून भरपूर द्यावं. हरळी क्षार बरेच सोसते, सावली मात्र सोसत नाही. आंब्याखाली ती जगवण्याचा हट्ट सोडावा. शंका असेल तर माती तपासून घ्यायला राहुरीचं महात्मा फुले कृषी विद्यापीठ जवळच आहे.

भेगा वाळू आणि कुजलेल्या खतानं भरून जमीन समपातळीत आणली, की मगच कापणीच्या यंत्राचा विचार. इंग्लंडमधल्या एडविन बडिंगनं १८३० मध्ये पेटंट घेतलेलं यंत्र कापडाची लव कातरणाऱ्या यंत्रावरून सुचलेलं होतं आणि हातानं ढकलायचं आजचं मोअर त्याच घाटाचं आहे: फिरत्या रुळावरची पाती खालच्या स्थिर पात्याला घासून गवत कातरतात. फिरत्या पंख्याचं विजेचं यंत्र कातरत नाही, झोडतं. पातं बोथट असेल तर गवताची टोकं फाटतात आणि एप्रिलच्या उन्हात पांढुरकी पडतात. लहान अंगणाला हाताचं मोअर पुरतं. घेताना दोन पात्यांत कागद धरून रूळ फिरवावा. कागद स्वच्छ कापला गेला तर यंत्र चांगलं, चुरगळला तर पाती जुळवून मागावीत. तीन-चार सेंटिमीटर उंची ठेवावी आणि एका वेळी एक तृतीयांशाहून जास्त कापू नये.

खुरप्याचा दोषही सांगायला हवा. ते गुडघे आणि कंबर मागतं. ज्यांना बसवत नाही त्यांनी लांब दांड्याचं घ्यावं. मात्र दांडा बाभळीचा, सरळ रेषेचा, नेढ्यात पाचर मारून पक्का केलेला हवा. दाताळं, झारी, फांद्यांची कात्री, घमेलं ही पुढची खरेदी. त्यातही पैसे कमी असतील तर कात्रीवर खर्च करावा, झारीवर नाही. यंत्र उभ्यानं जे कापतं ते त्याला कापू द्यावं. लव्हाळा मात्र खाली बसल्याशिवाय निघत नाही.