स्मारके उभी राहतात, वास्तू पडतात

ऐतिहासिक वास्तूंच्या जतनाची चर्चा आपल्याकडे किल्ले, वाडे आणि मंदिरे यांच्यापुढे फारशी सरकत नाही. प्राचीन वास्तूंसंबंधीच्या १९५८ च्या केंद्रीय कायद्यालाही वास्तू किमान शंभर वर्षांची हवी असते. ज्यांना गावकुसाबाहेर ठेवले, अनेक ठिकाणी पक्के घर बांधण्याचीही ज्यांना मुभा नव्हती, त्यांनी अशा वास्तू आणायच्या कुठून? आमचा इतिहास घडला तो चाळीत, भाड्याच्या खोलीत, पत्र्याच्या छपराखाली. दगडाचे वय मोजणाऱ्या अभिजन दृष्टीला तो दिसत नाही.

परंतु सगळा दोष प्रस्थापितांच्या पदरी टाकून आपल्याला मोकळे होता येणार नाही. २५ जून २०१६ च्या पहाटे दादरचे आंबेडकर भवन आणि तिथला बुद्धभूषण छापखाना जमीनदोस्त झाला. 'जनता' आणि 'प्रबुद्ध भारत' या पत्रांचा इतिहास ज्या छापखान्याशी निगडित, तोच हा छापखाना. पाडणारे परके नव्हते. बाबासाहेबांनीच स्थापन केलेल्या विश्वस्त संस्थेतला तो एक गट होता. इमारत धोकादायक आहे, तिच्या जागी सतरा मजली भवन उभे करायचे आहे, हे त्यांचे समर्थन. पुढे हजारोंचा मोर्चा निघाला. पण मोर्चाने भिंती परत उभ्या राहत नाहीत.

धोकादायक या शब्दाची येथे तपासणी केली पाहिजे. पुण्याचा शनिवारवाडा १८२८ च्या आगीत जळाला. उरले ते तट, दरवाजे आणि जोती. तरीही ते अवशेष संरक्षित स्मारक म्हणून सांभाळले गेले. पेशव्यांची जोती जपण्याजोगी, आणि आमचा छापखाना मात्र मोडीत काढण्याजोगा, हे मूल्य आपण कधी स्वीकारले?

दुसरीकडे, ११ ऑक्टोबर २०१५ रोजी इंदू मिलच्या जागेवर भव्य स्मारकाचे भूमिपूजन झाले. १४ नोव्हेंबर २०१५ रोजी लंडनच्या किंग हेन्रीज रोडवरील १० क्रमांकाच्या घराचे उद्घाटन झाले. बाबासाहेब १९२१-२२ मध्ये तेथे राहिले होते, म्हणून महाराष्ट्र शासनाने ते विकत घेतले. ते योग्यच झाले. एखादे साधे घर तिथे राहिलेल्या माणसामुळे ऐतिहासिक ठरते, हे तत्त्व शासनाने मान्य केले. मग अवघ्या सात महिन्यांत दादरला त्या तत्त्वाचा विसर का पडला?

माझ्या मते, आपण स्मारक आणि वास्तू यांत गल्लत करतो. स्मारक माणसाची उंची सांगते. तो माणूस कोणाच्या सोबतीने, किती तुटपुंज्या साधनांनी उभा राहिला, हे वास्तू सांगते. छापखाना म्हटला की जुळारी आला, मुद्रिते तपासणारा आला, अंकांचे गठ्ठे बांधणारा आला. चळवळ म्हणजे हीच माणसे. सतरा मजल्यांच्या भवनात त्यांची खूण कुठे सापडणार? छापखान्यासोबत एका नेत्याची नव्हे, एका श्रमाची आठवण पुसली गेली.

यावर एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. परळच्या बी. आय. टी. चाळीत बाबासाहेबांचे कुटुंब १९१२ पासून सुमारे दोन दशके दोन खोल्यांत राहिले. तशा चाळींतल्या रहिवाशांनी जतनाच्या नावाखाली कोंदट खोल्यांतच राहावे काय? मुळीच नाही. त्यांना चांगले घर मिळालेच पाहिजे. माणसांना प्रदर्शनातल्या वस्तू करणारे जतन आम्हाला नको. पण चाळीतल्या सर्वांना नवे घर देऊनही त्या दोन खोल्या जागच्या जागी राखता येतात. राखायच्याच असे आधी ठरवावे लागते.

शासन हे आपण होऊन करणार नाही. प्रत्येक तालुक्यात चळवळीची वसतिगृहे, सभांच्या जागा, वाचनालये आहेत. शिक्षकांनी आणि विद्यार्थ्यांनी त्यांची मोजमापे घ्यावीत, छायाचित्रे काढावीत, तिथे वावरलेल्या वृद्धांच्या आठवणी लिहून घ्याव्यात. कार्यकर्त्यांनी त्या नोंदी विश्वस्तांपुढे आणि नगरपालिकेपुढे ठेवाव्यात. हातोडा पडल्यानंतर काढलेल्या मोर्चापेक्षा हे काम कमी दिसेल, पण ते आजच सुरू करता येण्याजोगे आहे.