धोटा परत फिरतो तेव्हा

बालभारतीच्या नववीच्या विज्ञान पुस्तकातला (२०१७) पहिलाच पाठ ‘गतीचे नियम’. विस्थापन, वेग, त्वरण हा क्रम योग्य आहे. गतीची समीकरणे आलेखावरून काढून दाखवली आहेत, हे तर फारच चांगले. घोटाळा होतो तो ऋण त्वरणापाशी. वेग कमी होत असेल तर त्वरण ऋण, आणि ऋण त्वरण म्हणजेच मंदन, असे मुले त्यातून शिकतात.

भिवंडीच्या मुलांना यंत्रमाग परका नाही. मागावरचा धोटा डावीकडून उजवीकडे जातो, ती दिशा धन मानू. उजव्या पेटीत शिरून तो थांबतो तेव्हा त्वरण ऋण. इथवर पुस्तक बरोबर. मग फटका बसतो आणि धोटा डावीकडे सुटतो. समजा, वेग शून्यापासून उणे १० मीटर प्रतिसेकंद झाला. धोटा जोरात पळू लागला, तरी त्वरण ऋणच! उलट डाव्या पेटीत थांबताना त्वरण धन, आणि मंदन मात्र खरे.

वस्तूच्या वेगाची दिशाच धन मानली आहे, असा बचाव करता येईल. पण वर फेकलेला चेंडू खाली येताना काय करायचे? दिशा मध्येच बदलली तर एकच समीकरण दोन्ही प्रवासांना लावता येत नाही. शिवाय सर्वांत वरच्या बिंदूपाशी वेग शून्य म्हणून त्वरणही शून्य, असे अकरावीतली मुलेसुद्धा बिनदिक्कत लिहितात. तिथेही ते खालच्या दिशेने ९.८च असते.

निदान शिक्षकांनी गणित सोडवण्याआधी फळ्यावर एक बाण काढावा, आणि गणित संपेपर्यंत तो पुसू नये.