इनम की ट्रेट? रस्टच्या पुस्तकाबद्दल एक तक्रार

मागच्या व्याख्यानात आपण मालकी आणि उसनवारी पाहिली. आजचा विषय आहे स्वतःचे प्रकार आणि त्यांची सामायिक वागणूक, म्हणजे स्ट्रक्ट, इनम आणि ट्रेट. पण आज नुसतं शिकायचं नाही. रस्ट शिकणारे ज्या पुस्तकाकडे आधी वळतात, ते स्टीव्ह क्लॅबनिक आणि कॅरोल निकोल्स यांचं ‘द रस्ट प्रोग्रॅमिंग लँग्वेज’, त्यालाच जरा तपासून पाहू.

आधी श्रेय देऊ. पाचव्या प्रकरणातला आयत आठवा. क्षेत्रफळाचा एकच हिशेब आधी दोन सुट्या आकड्यांनी, मग टपलने, मग स्ट्रक्टने केलाय. नाव दिलं की आकड्यांना अर्थ येतो, हे न सांगताच कळतं. नंतर तो आयत छापायला जावं तर कंपायलर अडवतो: याला डिस्प्ले ट्रेट नाही! ट्रेट कशाला हवा, हे समजवायला याहून चांगली वेळ कुठली? पुस्तक मात्र डिबग डिराइव्ह करून घेतं आणि पुढे निघतं. ट्रेटची रीतसर ओळख होते ती थेट दहाव्या प्रकरणात.

तोवर जावा करून आलेला माणूस डोक्यातला क्लास घेऊनच चालत असतो. दहाव्यात त्याला कळतं की ट्रेट हा इतर भाषांतल्या इंटरफेससारखा, थोडाफार वेगळा. झालं, तो निर्धास्त! पण फरक थोडा नाही. जावात क्लास लिहितानाच तो कुठला इंटरफेस पाळतो ते सांगावं लागतं. रस्टमध्ये माहिती एकीकडे, वागणूक दुसरीकडे. आपण लिहिलेला ट्रेट भाषेतल्या तयार पूर्णांकालाही जोडता येतो. हे वळण हॅस्केलच्या टाइप क्लासचं; ती कल्पना वॅडलर आणि ब्लॉट यांनी १९८९ मध्ये मांडली. म्हणूनच ती अट आली: ट्रेट आणि प्रकार, दोन्हींपैकी एक तरी आपल्या क्रेटमधला हवा. नाहीतर दोन लायब्रऱ्या एकाच प्रकाराला तोच ट्रेट आपापल्या परीने जोडतील. मग कुणाचं खरं मानायचं?

आता मूळ तक्रार. समजा, दुकानाच्या बिलात पैसे तीन तऱ्हांनी येतात: रोख, यूपीआय, उधारी. इनम केला तर नवं काम, म्हणजे समजा पावती छापणं, एका फंक्शनमध्ये भागतं. चौथी तऱ्हा आली, की जिथे जिथे मॅच अपुरा पडतो तिथे कंपायलर बोट ठेवतो. अट एवढीच, की ‘बाकी सगळं’ म्हणून आपण पळवाट ठेवलेली नसावी. ट्रेट केला तर उलट. चौथी तऱ्हा जुन्या कोडला हात न लावता येते, पण ट्रेटमध्ये नवी सक्तीची मेथड घातली की प्रत्येक प्रकाराकडे परत जावं लागतं. वॅडलरनेच १९९८ मध्ये या पेचाला ‘एक्स्प्रेशन प्रॉब्लेम’ असं नाव दिलं.

पुस्तकात ही निवड येतच नाही असं नाही. येते, पण ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रकरणात, पार शेवटाकडे. तोवर हात वळलेला असतो. आमच्याकडे येणारी मुलं दोनच पर्याय असलेल्या गोष्टीलाही ट्रेट करतात, त्यावर बॉक्स चढवतात आणि मग रस्ट अवघड आहे म्हणतात. अवघड काय, तर निवड करायची असते हेच कुणी वेळेवर सांगितलेलं नसतं.

कुणी म्हणेल, जेनेरिक्सशिवाय ट्रेट शिकवणार कसा? पूर्ण ट्रेट नाहीच शिकवता येणार. पण एक मेथड आणि दोन स्ट्रक्ट, एवढं सहाव्या प्रकरणात इनमच्या शेजारी सहज बसलं असतं.

म्हणून आपण पुस्तक सोडायचं नाही, क्रम बदलायचा. सहावं प्रकरण संपलं की ट्रेटपुरता दहाव्याचा भाग वाचा. मग हेच बिल दोन्ही रीतींनी लिहा आणि दोन्हींत चौथी तऱ्हा घाला. कंपायलर कुठे कुठे ओरडतो ते टिपून ठेवा. पुढच्या वेळी तिथूनच सुरू करू.